गमबुटातलं टिंक्चर

१४ मे

वीबे,

फोन तू उचलत नाहीस आणि मी दारात आले की ट्रॅक्टर सुरू करतोस, म्हणून पत्र लिहितेय. रस्त्यावरची पत्रपेटी तुला रोज उघडावीच लागते. फाडायच्या आधी निदान पाकिटावरचं अक्षर बघशील.

तू मला सोडून सगळ्या वायकाटो प्रांताला सांगत फिरतोस की तुझ्या बहिणीने टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या. गेल्या जूनमध्ये डेल हॅटवे रात्रभर पिऊन पहाटे गाडी घेऊन निघाला आणि रस्ता ओलांडणाऱ्या तुझ्या कळपात घुसला. नऊ गायी गेल्या, तुझा पाय मोडला. ज्या तडफडत होत्या, त्यांना तू शेजाऱ्याकडून बंदूक मागवून, चिखलात पडल्या पडल्या स्वतः गोळ्या घातल्यास. यातलं मी काहीही विसरलेले नाही. इस्पितळात तुझ्या उशाशी मीच बसले होते.

तुझ्या मते त्याला थेट तुरुंगात टाकायला हवं होतं. न्यायाधीशबाईंनी त्याला माझ्या नशामुक्तीच्या कार्यक्रमात पाठवलं. हे मी तुला एकदा शांतपणे सांगायचा प्रयत्न केला होता, तेव्हा तू दार लावून घेतलंस, म्हणून आता कागदावर सांगते. त्याची शिक्षा माफ झालेली नाही, टांगून ठेवलेली आहे. पायात कडं असतं, घामातून दारू हुंगणारं. चाचण्या असतात, गटाच्या बैठका असतात, पंधरवड्याला न्यायाधीशांसमोर उभं राहून हिशेब द्यावा लागतो. वर्ष-दीड वर्ष टिकला तर शिक्षा सौम्य होते. नाही टिकला तर बाकावरून उठवून थेट तुरुंगात. निकाल मी देत नाही. मी फक्त बिछाने शोधते, बस शोधते, दंतवैद्य शोधते. दारू पिऊन गाडी चालवली म्हणून ज्यांचा परवाना गेला, त्यांनी चाचणीला शहरात यायचं कसं, असं मी राजधानीतल्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, सायकलीला प्रोत्साहन द्या. खेड्यातून, भर हिवाळ्यात.

आणि त्या टाळ्या. नोव्हेंबरात आमच्याच कार्यालयातून तुला चुकून तारखेचं पत्र गेलं. तुला वाटलं निकाल आहे. इस्त्रीचा शर्ट घालून, कुबडी टेकत तू शेवटच्या बाकावर येऊन बसलास, आणि तुझ्यासमोर डेलला पुढे बोलावून सांगण्यात आलं की त्याने अजून थेंबही घेतलेला नाही. मग अख्ख्या कोर्टाने टाळ्या वाजवल्या, पोलिसांच्या वकिलासकट. तिथली रीतच आहे ती. त्या बाकांवर बसणाऱ्यांना शाळेतसुद्धा कुणी शाबास म्हटलेलं नसतं.

तू मला दिसला नव्हतास, वीबे. दिसला असतास तरी मी वाजवल्या असत्या, फक्त जरा हळू.

इनेके


२९ जून

वीबे,

ही कुठली पद्धत म्हणायची?

परवा सकाळी आमची नेहमीची बैठक होती. कोर्ट भरायच्या आधी आम्ही सगळे एका टेबलाभोवती बसून एकेकाचा विचार करतो. डेलची फाईल मी हाताळत नाही, तुझी बहीण आहे म्हणून पहिल्याच दिवशी दुसऱ्या एका सहकारी बाईकडे दिली आहे. ती वाचत होती, की हॅटवेने राहण्याचं ठिकाण बदलायला परवानगी मागितली आहे, दुभत्या जनावरांच्या फार्मवर काम आणि राहायला खोली मिळतेय. आणि मग तिने पत्ता वाचला. तुझाच. न्यायाधीश पेनरोजबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि मला माझ्याच बैठकीतून उठून बाहेर जावं लागलं. कॉफीच्या यंत्रापाशी उभी राहून मी तुझ्या नावाने बोटं मोडत होते.

मागाहून मटुआ तामाती बाहेर आले. आमच्या कोर्टातले वडीलधारे तेच, सुरुवातीची प्रार्थना तेच म्हणतात, त्यांच्यासमोर न्यायाधीशबाईसुद्धा आवाज चढवत नाहीत. सांगता येण्यासारखं तेवढं त्यांनी सांगितलं. गुन्हेगार आणि ज्याचं नुकसान झालं तो, यांना समोरासमोर बसवतात, तशी तुमची भेट झाली म्हणे. डेलने माफी पाठ करून आणली होती. तू ती अर्ध्यावर तोडलीस आणि विचारलंस, "वासरांना चीक पाजता येतो का?" तो म्हणाला, लहानपण गोठ्यातच गेलं. तू म्हणालास, "मग पहाटे चारला ये." मटुआ हे सांगताना पोट धरून हसत होते. मला हसू आलं नाही.

तुझा गडी ऑस्ट्रेलियाला पळाला, पाय अजून धड नाही, गायी व्यायला लागणार, हे सगळं मला कळतं. माणूस हवा होता तर मला सांगायचंस, मी दहा जणांना विचारलं असतं. माझ्या कार्यक्रमाला तू सगळीकडे नाटक म्हणतोस आणि त्यातलाच माणूस उचलून नेतोस. माझ्याशी सात महिने चकार शब्द नाही, आणि ज्याने तुझ्या गायी मारल्या त्याला तू चहा विचारतोस.

घरात दारू ठेवणार नाही असं तू लिहून दिलं आहेस, असं ऐकलं. ते पाळ. यात तुझं काही जाणार नाही, त्याचं सगळं जाईल.

इनेके


११ ऑगस्ट

वीबे,

उत्तराची वाट बघणं मी सोडलं आहे, लिहिणं सोडलेलं नाही.

आज डेल कोर्टात आला होता. बाकावर बसल्या बसल्या झोपला. विजारीवर गुडघ्यापर्यंत नारिंगी डाग, हातांना गोठ्याचा वास, शेजारच्याने नाकाला रुमाल लावला. पेनरोजबाईंनी विचारलं, काय चांगलं चाललंय? ते प्रत्येकाला विचारावंच लागतं. डेल डोळे चोळत म्हणाला, "बॉस बोलत नाही. बरं वाटतं." सगळं कोर्ट हसलं. बाई म्हणाल्या, "हे आमच्या समुपदेशकांना सांगायला हवं." मीही हसले आणि मग दिवसभर चिडलेली राहिले, कारण तुझं न बोलणं मला काही अजून बरं वाटलेलं नाही.

बाकी माझं विचारशील, तर नशामुक्ती केंद्रातले चार बिछाने कमी झाले. म्हणजे चार माणसं कोठडीत बसून बिछान्याची वाट बघणार. राजधानीहून मला कळवण्यात आलं की याला कपात म्हणायचं नाही, फेररचना म्हणायचं. मी त्या साहेबांना फोनवर जे म्हटलं ते आईने ऐकलं असतं तर माझं तोंड साबणाने धुतलं असतं.

गेल्या रविवारी तुझ्या रस्त्यावरून गेले. मुद्दाम गेले, कबूल. तू आणि तो एक वासरू दोन बाजूंनी धरून शेडकडे नेत होतात. तू लंगडत होतास आणि तो तुझ्या चालीने चालत होता. मी थांबले नाही. थांबले असते तर ट्रॅक्टर सुरू झाला असता.

रविवारचं जेवण माझ्याकडे दुपारी एकला असतं. तुझं ताट मांडत नाही आता, पण जेवण असतं.

इनेके


८ सप्टेंबर

वीबे,

हे पत्र नीट वाच. उभ्या उभ्या नको, बसून वाच.

शनिवारी संध्याकाळी डेलच्या कड्याने दारू नोंदवली. थोडी, पण नोंदवली. सोमवारी त्याला बोलावलं, तर तो म्हणाला, "मला काही सांगायचं नाही." एवढंच. प्यायलो म्हणत नाही, प्यायलो नाही म्हणत नाही. आमच्याकडे पिणं एक वेळ खपतं, लपवणं खपत नाही. प्यायलो असं तोंडाने कबूल केलं की माणूस पुन्हा उभा करता येतो. गप्प बसला की पोलिसांचा वकील म्हणतो, काढा याला कार्यक्रमातून. काढलं तर दोन वर्षं तुरुंग, ठरलेलीच आहेत. अठरा तारखेला निर्णय आहे.

आणि मला माहीत आहे तो प्यायलेला नाही. त्या नारिंगी डागांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वासरू जन्मलं की तू त्याच्या नाळेवर टिंक्चर आयोडीन मारतोस. ते जवळजवळ सगळं मद्यार्कच असतं. गमबुटात सांडलं तर थेट कड्यावर झिरपणार, आणि कड्याला काय ठाऊक ते तोंडातून गेलं की बुटातून. कडी पुरवणाऱ्या कंपनीतल्या तरुणाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, आलेख बघता हे पिणंच आहे. जन्मात त्याने वासरू बघितलं नसेल. मी त्याच्याकडून नमुन्याचं एक कडं मागून आणलं, शेतीमालाच्या दुकानातून टिंक्चर आणलं, आणि परवा घरी स्वतःच्या पायात कडं घालून, बुटात ते ओतून दिवसभर बसले. पाऊल भोपळ्याच्या रंगाचं झालंय, मोजे घालून झोपते. आलेख काय आला हे इथे लिहीत नाही, तो मुद्दा नाही.

मुद्दा हा की शनिवारी तिथे तू होतास. दुसरं कुणी नव्हतं. डबा त्याच्या बुटात सांडला का, एवढंच तुला येऊन सांगायचंय. त्याच्यावर दया करू नकोस, माझ्यासाठीही काही करू नकोस. जे झालं ते सांग.

असं पत्र साक्षीदाराला लिहिणं मला शोभत नाही आणि नियमातही बसत नाही. तेव्हा मी ते लिहिलेलं नाही, असं समज.

इनेके


१३ सप्टेंबर

वीबे,

काल मी आले होते. तुला दिसले, कारण मी फाटकाशी गाडी लावताना तू चारचाकी मोटारसायकलवर बसून टेकडीपल्याड निघून गेलास. दीड तास पायरीवर बसले. तुझ्या कुत्रीने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. त्या घरात मला तेवढीच ओळख राहिली आहे असं दिसतं.

इकडे माझी छी थू चालली आहे. बैठकीत डेलचा विषय निघाला की मी बाहेर जायला हवं, पण काल गेले नाही. टेबलावर टिंक्चरचा डबा ठेवला आणि गोठ्यात काय चालतं ते सगळ्यांना ऐकवलं. पेनरोजबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "इनेके, तू आत्ता कुणाची बाजू मांडते आहेस?" मी म्हटलं, त्याची. त्या म्हणाल्या, "मग त्याला बोलू दे." आणि मला बाहेर पाठवलं. संध्याकाळपर्यंत राजधानीला खबर पोहोचली. माझ्या वागण्याचा खुलासा मागवला आहे.

डेलला मी कोर्टाच्या जिन्यात गाठलं. म्हटलं, टिंक्चर होतं एवढं म्हण, बाकी मी बघते. त्याने माझ्याकडे असं बघितलं की माझीच कीव करत असावा. "बॉसला यात ओढू नका, मिस," म्हणाला. एवढा खालमानेचा माणूस. स्वतःचा जीव चाललाय तरी तुला त्रास नको म्हणतो. आणि तू टेकडीपल्याड.

तू आला नाहीस तर तो आत जाईल आणि तुझ्या वासरांना पाजायला कुणी उरणार नाही. दुसरं काही नाही तर त्यासाठी ये. अठरा तारीख, सकाळी दहा.

इनेके


१९ सप्टेंबर

वीबे,

काल तू आलास, बोललास आणि माझ्या अंगावरून निघून गेलास. रात्रभर मी तुला शिव्या घातल्या. आता लिहिते.

तुला आत येताना बघून मला रडू फुटायचं बाकी होतं. मनात म्हटलं, आला, माझा भाऊ आला, आता टिंक्चरचं सांगेल. पेनरोजबाईंनी विचारलं, "मिस्टर वेल्डमन, शनिवारी त्याच्या बुटात टिंक्चर सांडलं होतं का?" मी मान डोलवायला तयार होते.

तू म्हणालास, "नाही. तो हाताचा नीट आहे. थेंब सांडत नाही."

"मग कड्याने काय नोंदवलं?"

"बिअर. मी दिली."

मग तू कोर्टाला समजावून सांगितलंस, जसं काही हे सगळ्यांना ठाऊक असायलाच हवं. शेवटची पहिलारू गाय व्याली, हंगाम आटोपला. हंगाम आटोपला की कामाच्या माणसाच्या हातात बाटली द्यायची, बापाने दिली, तू देतोस. घरात ठेवणार नाही असं लिहून दिलं होतं, घरात नव्हतीच, शेडमधल्या फ्रीजमध्ये होती. हे ऐकून पोलिसांचा वकील छताकडे बघायला लागला. आणि मग तू टोपी हातात फिरवत, खाली बघत म्हणालास, "तो नको म्हणाला. दोनदा म्हणाला. मी म्हटलं, एक घे रे. मी एकट्याने किती दिवस पिऊ."

बाईंनी डेलला विचारलं, हे तू का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, "बॉसवर आलं असतं. आणि सगळा हंगाम आम्ही उभ्यानेच जेवलो. त्या दिवशी तो पहिल्यांदा बस म्हणाला."

बाकीचं तू थांबून ऐकलं नाहीस म्हणून कळवते. त्याला काढलेलं नाही. गप्प बसल्याबद्दल शनिवार-रविवार कोठडीत, आणि कार्यक्रम पुन्हा पहिल्या पायरीपासून. तोवर मुक्काम शहरातल्या वसतिगृहात. तुझ्याकडे परत पाठवायचं की नाही, ते पुढच्या महिन्यात ठरेल. तो फ्रीज आता लसींसाठी आहे, असं तू सांगितलंस ते बाईंनी लिहून घेतलं. मटुआ तामाती तुझ्यासाठी उठून गायले, तेव्हा तू दाराकडे का सरकत होतास? त्यांच्या रीतीत कुणी मनापासून बोललं की त्याच्या मागे गाणं म्हणायचं असतं. तुझ्यासाठी गायलं ते, निदान संपेपर्यंत उभं राहायचं.

मला वेड्यात काढलंस. सगळ्या टेबलासमोर मी डबा नाचवला, भोपळी पाऊल घेऊन आठवडा काढला, आणि तू एका वाक्यात सगळं पुसून टाकलंस. माझा आलेख काय आला होता तेही आता सांगते. तो एकदम वर गेला आणि एकदम खाली आला. डेलचा हळूहळू चढून हळूहळू उतरलेला होता, पिणाऱ्याचा असतो तसा. मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. कळलंही असेल. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की खरं बोल, आणि मला स्वतःला टिंक्चरच हवं होतं. तू आलास नि खरं सांगितलंस, तुझ्यावर शेकेल हे ठाऊक असून. त्यासाठी तुझा राग करता येत नाही, याचाच जास्त राग येतोय. खुलाशात मी हे जसंच्या तसं लिहिणार आहे, मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

पण एक गोष्ट मी तुला माफ करणार नाही. त्या कोर्टात, परक्या लोकांसमोर, मला कळावं की तू शेडमध्ये एकटा पीत बसतोस. मी तुझी सख्खी बहीण, दहा महिने फोन करतेय, पायरीवर दीड दीड तास बसतेय. अख्ख्या वायकाटोत बाटली पुढे करायला तुला नेमका तो एकच माणूस सापडला, ज्याने ती घेतली की तुरुंग.

मी अर्ध्या तासावर राहते. माझ्या पायात कडं नाही, मला कुठल्या न्यायाधीशाची मनाई नाही. मला बिअर चालते, वीबे. गार नसली तरी चालते.

इनेके